भूत चाललं, माणूस नाही चालला

मावशीच्या घराला माझं नाव चढवायला मी ग्रामपंचायतीत गेले, तेव्हा तिथल्या बाबूने कागद हातात घेतले, घर कोणतं ते पाहिलं आणि कागद टेबलावर परत ठेवून हात शर्टाला पुसले.

"सिस्टर, तिथी राहाले जानार हा का?"

"काऊन?"

"नाई, सांगून ठेवलेलं बरं. तिथी एक बाई हाय."

"कोनती बाई? घराले कुलूप हाय अन् चाबी माझ्यापाशी हाय."

बाबू हसला. कीव आल्यासारखा हसला. "विहिरीतली," तो म्हणाला.

मी त्याच गावच्या आरोग्य केंद्रात नर्स होते. गडचिरोलीहून बदली होऊन मला तीन महिने झाले होते. तोवर मी इतकी मेलेली माणसं पाहिली होती, कितींचे डोळे स्वतःच्या हाताने मिटले होते, पण त्यातल्या एकानेही परत येऊन मला त्रास दिलेला नव्हता. मला जो काही त्रास झाला तो जिवंत माणसांकडून झाला होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी चौतीस वर्षांची होते. लग्न झालं होतं आणि दोन वर्षांत मोडलंही होतं. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने मला माहेरी आणून सोडलं. तपासणी फक्त माझी झाली होती. रिपोर्टमध्ये माझ्यात काही दोष नाही असं स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि मी नर्स असल्यामुळे तो मला वाचता येत होता. सासरच्यांनी तो उघडूनही पाहिला नाही. "रिपोर्टचं काय घेऊन बसली," एवढंच सासू म्हणाली. त्यानंतर मी प्रत्येक पुरुषाला भाऊ म्हणायला लागले. कंपाउंडर भाऊ, कंडक्टर भाऊ, दूधवाला भाऊ. आमच्या भागात हा शब्द मानाचा आहे. मी मात्र तो बाभळीच्या काट्यांसारखा माझ्याभोवती रचून ठेवला होता.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. शाळेत मास्तरीण होती. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. तिने स्वतःच्या पगारातून घर बांधलं, तेही आमच्या बौद्ध वस्तीत नाही, भर गावात. आमच्यातलं भर गावातलं ते पहिलं घर. ते काहीजणांना तेव्हाच टोचलं होतं. दोन खोल्या मागे, एक पुढे, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर, आणि मागच्या मोकळ्या जागेत, सांदवाडीत, विहीर. पुढची खोली तिने एका कुटुंबाला भाड्याने दिली होती. आई, मुलगा आणि मुलाची नवी नवरी. ती नवरी अठरा वर्षांची. एका दुपारी ती विहिरीत गेली. पाणी ओढताना पाय घसरला असं कागदावर लिहिलं गेलं. महिन्याभरात ते मायलेक गाव सोडून निघाले, आणि जाता जाता सांगून गेले की ती चुडेल झाली आहे, घर चांगलं नाही.

त्यानंतर मावशी त्या घरात अकरा वर्षं एकटी राहिली.

ही अकरा वर्षं मला आजही सहन होत नाहीत, कारण त्यात मीही होते. "तिच्याकडे जाऊ नका, तिथलं काही बरं नाही," असं आई आम्हाला सांगायची, आणि मी, शास्त्र शिकलेली, इंजेक्शन देणारी, जात नव्हते. गडचिरोलीहून तासाभराचा रस्ता. मावशी दिवाळीला पत्र टाकायची. मी उत्तर लिहायचे, जायचे नाही. माझ्या बदलीच्या आधीच ती गेली, तेव्हा कळलं की तिने घर माझ्या नावाने करून ठेवलं आहे. कागदावर माझ्या नावापुढे तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, "ही राहील."

माझ्या भावाचं म्हणणं होतं, विकून टाक. घ्यायलाही लोक तयार होते. भूत असलेलं घर फुकटात मिळतं ना! जे लोक संध्याकाळनंतर त्या गल्लीतून जात नव्हते, त्यांनाच ते घर हवं होतं. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी आरोग्य केंद्राची क्वार्टर सोडली, सामान बैलगाडीत टाकलं आणि राहायला गेले.

पहिल्या आठवड्यातच मला तो आवाज ऐकू आला. भर दुपारी, मागून, बांगड्या वाजल्यासारखा. किणकिण, मग थांबायचा, मग पुन्हा किणकिण. शेजारच्या बाईने कुंपणावरून मला विचारलं, "आयकू आली का?" तिच्या डोळ्यांत भीती कमी आणि मजा जास्त होती. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. मी तशीच विहिरीपाशी गेले. विहिरीवरची गडगडी, दोर ओढायची चकरी, तिचा आस झिजला होता. वारा सुटला की ती हलायची आणि लोखंडावर लोखंड वाजायचं. अकरा वर्षं अख्ख्या गावाला घाबरवणारं भूत ते एवढंच होतं. एक थेंब तेल दिलं की गप्प होणारं.

मी खाली वाकून पाहिलं आणि संताप झाला. पाणी दिसतच नव्हतं. लिंबं, नारळ, काळ्या बाहुल्या, फुटक्या बांगड्या, चिंध्या. ज्याच्या घरी कोणी आजारी पडलं, त्याने उतारा आणून इथे टाकला होता. मावशीने एकदा पत्रात लिहिलं होतं की तिच्या विहिरीचं पाणी गावात सगळ्यात गोड आहे आणि उन्हाळ्यातही आटत नाही. त्या पाण्याचं लोकांनी हे केलं होतं. आणि तीच माणसं हगवण लागली की माझ्याकडे गोळ्या न्यायला यायची.

विहीर साफ करायला गावातला एकही मजूर तयार झाला नाही. शेवटी कोणीतरी सांगितलं, मेन रोडवर पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा एक मुसलमान मिस्त्री आहे, तो विहिरीत उतरतो, त्याला विचारा. मी निरोप पाठवला. तो आला, फाटकापाशी सायकल लावली आणि तिथेच उभा राहिला. चाळिशीचा असेल. उंच, हातांना कायमचं ग्रीस. आत यायला तयार नाही.

"काऊन भाऊ, तुमी बी भेता का?" मी जरा खवचटपणेच विचारलं.

"भेत नाई बाई," तो म्हणाला. "ह्या हिरीत मी एकदा उतरलो हाय. तेच याद आलं."

मी तेव्हा पुढे काही विचारलं नाही. पुरुषाला प्रश्न विचारला की तो ओळख समजतो, हा माझा अनुभव होता.

काम तीन दिवस चाललं. वैशाखाचं ऊन. त्याने नदीपलीकडून दोन मजूर आणले, मोटर लावून पाणी उपसलं, मग स्वतः दोराने खाली उतरला आणि गाळाची घमेली भरून वर पाठवू लागला. मी सकाळी ओपीडी संपवून यायचे आणि पायरीवर बसायचे. तो खालून ओरडून विचारायचा, "बाई, नारळ निघाला, फोडू का?" मी हसायचे नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने मला न विचारता गडगडीचा आस बदलून टाकला, आणि तिसऱ्या दिवशी येताना रुमालात बांधून टेंभरं आणली, पिवळी, पिकलेली. "जंगलाच्या बाजूनं येत होतो," एवढंच बोलला. मी म्हटलं, "ठेवा तिथी, भाऊ." भाऊ शब्द जरा जास्तच जोराने म्हटला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मजूर गेल्यावर तो हातपाय धुऊन पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"तिले मीच काढलं होतं," तो म्हणाला.

मी टेंभरांचा रुमाल बाजूला ठेवला.

"पोलिसानं दुकानावरून बोलावून नेलं. मले पोहता येते, हिरीत उतरता येते. दोर बांधून तिले वर आनलं. बाई, तिचे दोनी तळवे भाजले होते. फोड आले होते, फुटले होते. तव्यावर दाबून धरल्यासारखे." त्याने स्वतःचे तळवे उलटे करून मांडीवर ठेवले. "अशा हातानं तिले पानी ओढाले पाठवलं होतं. दोर धरताच येत नसन तिले."

"मग तुमी सांगतलं नाई?"

"सांगतलं. तुमच्या मावशीनं बी सांगतलं, की रोज रडन्याचा आवाज येते. हवालदार म्हने, भाजलं असन सैपाकात, सगळ्याच बायांचे भाजते. मंग त्यायनं पंचनामा लिहिला. पाय घसरला."

"अन् पंच कोन होते?"

त्याने तळवे मिटले. मग म्हणाला, "एक मी होतो. मी सही केली."

मी उठून उभी राहिले. आजही मला ते सगळं जसंच्या तसं आठवतं: पायरीवरचा ओला गाळ, त्याच्या पँटीला चिकटलेलं शेवाळ. मी त्याला म्हटलं, "तुमी सही केली अन् घरी गेले. अन् ह्या गावानं तिले चुडेल केलं. तुमी दुकानात बसून आयकत राह्यले. अकरा वर्स!"

"भेलो होतो," तो म्हणाला. "मुसलमानाचं आमचं एकच घर होतं ह्या गावात. ठान्यात कोनाचं वाकडं घेनार?"

"निघा," मी म्हटलं.

तो गेला. विहिरीत हळूहळू पाणी भरत होतं आणि मी रडत होते, रागाने. त्याच्यावर राग होता, त्याहून जास्त माझ्यावर होता. मीही अकरा वर्षं सहीच केली होती, फक्त कागद वेगळा होता.

पंधरा दिवसांनी ती सासू आरोग्य केंद्रात आली. मी तिला ओळखत नव्हते. मुलाकडे वडशाला राहत होती, इथे कोणाच्या लग्नाला आली होती, चक्कर आली म्हणून आणलं. केसपेपरवर नाव लिहिलं आणि बरोबरच्या बाईने आपणहून सांगितलं, "तुमच्याच घरी राहत होती ना हे पयले." मी तिच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला. जाड, गोरटेला दंड, हातात सोन्याच्या पाटल्या. मी पारा पाहिला. जास्त होता. गोळी दिली, पाणी दिलं, नीट झोपवलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. माझ्या कामात मी कसूर केली नाही.

मग विचारलं, "तुमच्या सुनेचे हात कशानं भाजले होते?"

तिने डोळे मिटले होते ते उघडले. "कोनती सून?"

"विहिरीतली."

"ते तं चुडेल झाली," ती म्हणाली. "तिचं नाव नोको घेऊ बाई. लागते."

"चुडेल नंतर झाली असन. हात आधी भाजले होते."

ती उठून बसली. पदर सावरला. "पोळ्या येत नव्हत्या तिले," ती म्हणाली. जणू त्यात सगळं आलं. आणि बरोबरच्या बाईचा हात धरून निघून गेली. जाताना उंबऱ्यावर थुंकली, दृष्ट काढल्यासारखी.

पोळ्या येत नव्हत्या! आमच्या झाडीपट्टीत घरोघरी भात खातात. धान पिकवणाऱ्या घरातली मुलगी, तिला पोळ्या कशा येतील? त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही. माणसं भूत का बनवतात ते मला त्या दिवशी समजलं. भुताला कोणी विचारत नाही, तुझे हात कोणी भाजले. आणि भूत म्हटलं की सासूलाही कोणी विचारत नाही.

मिस्त्री महिनाभर दिसला नाही. मीही चौकशी केली नाही. मेन रोडवरून जाताना त्याच्या दुकानाकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे दुकान बंद आहे हे मला लगेच कळलं होतं.

मग एका रविवारी सकाळी तो आला. बरोबर एक म्हातारी बाई होती. वाळलेली, काळीसावळी, कमरेला बटवा, हातात पिशवी.

"हे तिची माय होय," तो म्हणाला. "कुरखेड्याच्या पलीकडच्या गावातली. मी शोधत गेलो. सगळं सांगतलं. सहीचं बी."

मी त्याच्याकडे पाहिलं. ओठाजवळ फुटल्याची सुकत आलेली खूण होती. नंतर कळलं, मुलीच्या भावाने मारलं होतं आणि याने हात उचलला नव्हता.

म्हातारी घरात आली नाही. सरळ मागे विहिरीकडे गेली. कठड्याला हात लावून खाली पाहत राहिली. पाणी स्वच्छ होतं, आभाळ दिसत होतं. मी घाबरून तिच्या दंडाला धरलं.

"सोड बाई, मी नाई जात," ती म्हणाली. "तिच्या सासरच्यायनं मले इथी येऊच देल्लं नोतं. म्हने, तुमी आले तं ते तुमच्या मागं येईन, दुसऱ्या पोरीले धरीन. मी भेली. माझी लहानी होती घरी." मग तिने मला विचारलं, "तुले दिसते का ते?"

"नाई माय. इथी काई नाई."

"एकदा बी नाई?"

मी मान हलवली. आणि तिचा चेहरा पडला. मला वाटलं होतं, हे ऐकून तिला बरं वाटेल. पण ती तेवढ्यासाठीही आली होती. भूत होऊन का होईना, लेक असेल. मिस्त्रीने बादली सोडली, पाणी ओढलं, तिच्या ओंजळीत ओतलं. तिने तोंड धुतलं, थोडं प्याली. म्हणाली, "गोड हाय." मग जेवली. मी भात आणि लाखोळीची डाळ केली होती. ती भात कालवता कालवता लेकीबद्दल बोलत राहिली. लेक झाडावर चढायची, मोहफुलं वेचायला सगळ्यांच्या आधी जायची, हसताना नाक मुरडायची. अकरा वर्षांत त्या घरात तिच्याबद्दल कोणी हे बोललं नसेल.

आम्ही तिघांनी मिळून ठाण्यात अर्ज दिला. मिस्त्रीने स्वतः लिहून दिलं की मी पंच होतो आणि पंचनामा खोटा आहे. दोन महिन्यांनी उत्तर आलं की जुनी कागदपत्रं उपलब्ध नाहीत. झालं. पुढे काही झालं नाही. हे वाचून कोणाला वाटेल की शेवटी न्याय मिळाला असेल, तर नाही मिळाला. मी खोटं लिहिणार नाही.

अर्ज दिला तेव्हाच मिरग, मृगाचा पाऊस, तोंडावर आला होता आणि छप्पर गळणार हे दिसत होतं. मिस्त्री स्वतःहून म्हणाला, कवेलू मी फेरून देतो. तो शिडीवर, मी खालून एकेक कवेलू देत होते. छपराच्या एका बाजूचं पाखं होत आलं तेव्हा शिडी जरा हलली. मी ओरडले, "भाऊ, सांभाळून!"

तो थांबला. वरूनच म्हणाला, "एक बोलू का? राग नका धरू."

"बोला."

"मले तीन बहिनी हाय. तिघी बी मस्त हाय. चवथी नोको मले."

माझ्या हातातलं कवेलू खाली पडून फुटलं. मी आत गेले. चूल पेटवत होते की विझवत होते तेही कळेना. चौतिसाव्या वर्षी, दहा वर्षं काट्यांचं कुंपण घालून बसलेल्या बाईला कोणी असं शिडीवरून बोलतं का? मला राग आला. आणि मग लक्षात आलं की हा राग नव्हता. हा माणूस भ्यायला होता, चुकला होता, आणि ती चूक निस्तरायला पत्ता नसलेल्या गावात जाऊन मार खाऊन आला होता. माझ्या नवऱ्याला एक रिपोर्ट उघडून बघवला नव्हता.

मी चहा केला. बाहेर येऊन शिडीखाली उभी राहिले.

"मग काय म्हनू?" मी विचारलं.

"काईच नका म्हनू. नुसतं 'चहा झाला' म्हना."

"चहा झाला," मी म्हटलं.

तो खाली उतरला.

त्याची बायको बाळंतपणात गेली होती, गाडी वेळेवर मिळाली नाही म्हणून, हे त्याने मला त्या पावसाळ्यात सांगितलं. मी त्याला रिपोर्टबद्दल सांगितलं. मी तो कपाटातून काढून दिला आणि त्याने अक्षर अक्षर लावत वाचला, इंग्रजी त्याला धड येत नव्हतं तरी. वाचून नीट घडी घातली आणि परत दिला. त्याच्याकडून मला एवढंच हवं होतं.

आणि मग गाव आलं! अकरा वर्षं ज्या अंगणात कोणी पाय ठेवला नव्हता, त्या अंगणात एका संध्याकाळी चार जण येऊन उभे राहिले. कोणाला चुडेल लागली नाही, कोणाचा पाय लटपटला नाही.

"सिस्टर, हे बरं दिसत नाई," त्यातला वयस्क माणूस म्हणाला.

"काय बरं दिसत नाई?"

"तो मानूस येते-जाते. तुमी एकट्या बाई. तो दुसऱ्या धर्माचा. मोहल्ल्यात पोरीबाळी हाय."

"दादाजी," मी म्हटलं, "इथी भूत राहत होतं, तेव्हा कोनी आलं नाई विचाराले. माझी मावशी तापानं फणफणत होती तेव्हा कोनी पानी नाई आनून देल्लं. एक पोर भाजलेले हात घेऊन ह्याच अंगनातून हिरीवर गेली, तेव्हा मोहल्ल्यातल्या पोरीबाळी कोनाले आठवल्या नाई. भूत चालते तुमाले. मानूस नाई चालत?"

"तुमी भलतंच बोलून राह्यले."

"मंग निघा. तिकडं विहिरीकडं पाहू नका जाताना. धरीन तुमाले."

शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. पण बोलले, आणि ते चौघे खरंच मान खाली घालून गेले. आजही आठवलं की मला हसू येतं, आणि हसू येतं याचाही राग येतो.

आम्ही लग्न ठरवलं, तसा भाऊ गडचिरोलीहून आला. "आपल्यात मानसं नोती का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "होती तं दहा वर्स कुठी होती?" तो पाणी न पिता गेला. मिस्त्रीच्या बहिणींनीही तेच केलं. त्यांचं म्हणणं, सोडलेली बाई, वर बौद्ध, आपल्या भावाला कायले? दोन्हीकडच्यांचं एकमत व्हायची ती पहिलीच वेळ असावी. कोणी धर्म बदलायचा नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. गडचिरोलीला नोंदणी लग्नाचा अर्ज दिला. आमच्या नावांची नोटीस महिनाभर फळ्यावर लावून ठेवली होती, कोणाला हरकत असेल तर घ्यावी म्हणून. चुलीजवळ पोरगी भाजली तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. आमच्या चहाला हरकत घ्यायला सरकारने महिना दिला होता. साक्षीला माझ्याबरोबरची एक नर्स, त्याचा एक दोस्त आणि त्या पोरीची म्हातारी आई होती. आईने अंगठा उठवला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा तोच अंगठा माझ्या भांगाला लागला, निळा डाग पडला.

आता आमचं ठीक चाललं आहे. भांडतोही. तो सांदवाडीत मोटारी आणून ठेवतो, माझ्या वांग्यांच्या झाडांवर ऑईल सांडतो. त्याच्या दोन बहिणी हळूहळू यायला लागल्या, तिसरी नाही. माझा भाऊ नाही. उन्हाळ्यात हातपंप आटला की गल्लीतल्या बाया घागरी घेऊन येतात. मी अडवत नाही. पण विहिरीपाशी ज्या बाईने चुडेल शब्द काढला, तिची घागर मी एकदा अंगणात पालथी केली होती. त्याला ते आवडलं नाही. "पान्यावर राग नोको," तो म्हणाला. आम्ही त्यावरून दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही.

गेल्या हिवाळ्यात मी गडचिरोलीहून बसने परत येत होते. शेजारी एक अनोळखी बाई होती, आरमोरीला लग्नाला चाललेली. आमच्या फाट्याच्या थोडं अलीकडे ती आपणहून सांगायला लागली, "ह्या गावात एक भुताचं घर हाय, मालूम हाय का? तिथं एक नर्स राहाले गेली. चांगली होती म्हने. भुतानं धरलं अन् मुसलमानासंगं लगन करून बसली."

"कोनाचं भूत?" मी विचारलं.

"काय मालूम. असन कोनी बाई."

"ते नर्स मी होय," मी म्हटलं.

ती सरकून बसली. पिशवी मांडीवर घट्ट धरली. पण उठली नाही, तिने माझ्याकडे पाहिलं, गळ्यातलं, हातातलं, आणि मग हळूच विचारलं, "खरंच धरलं होतं का वो?"

फाटा आला. कंडक्टर ओरडला. मी उतरले नाही. मी तिच्याकडे वळून बसले आणि तिला सांगायला लागले: पहिल्यांदा त्या पोरीचं नाव सांगितलं, मग गाव, मग ती झाडावर कशी चढायची ते, मग पोळ्या, मग हात. बस आरमोरीच्या स्टँडवर लागली तेव्हा मी अजून विहिरीपाशीच होते. ती म्हणाली, "थांबा, मले उतराचं हाय, पन पुढं सांगा." आम्ही दोघी खाली उतरलो आणि बाकावर बसलो.